फिटिंग फ्री, टेबल वाकडं

‘दोन नंबरचं टेबल डावीकडे खातं.’

नाशिकला कॉलेज रोडच्या एका आतल्या गल्लीत माझ्या मावसभावाचं पूल पार्लर आहे. बेसमेंटमधला गाळा, आठ फुटी दोन टेबलं, कोल्ड्रिंकचा फ्रिज आणि काउंटरवर बसणारा, नुकती बारावी झालेला एक पोरगा. पार्लर उघडून दोन आठवडे झाले नव्हते, तोवर वरचं वाक्य गिऱ्हाइकांना तोंडपाठ झालं होतं. बॉल हळू मारला की बराच वेळ सरळ जायचा आणि मग अचानक काहीतरी आठवल्यासारखा डावीकडे वळायचा. रोजच्या पोरांनी ते गणित जमवून घेतलं. नवा कुणी आला की त्याला दोन नंबरवर घ्यायचं, हरेल त्याने सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजायचं अशी पैज लावायची आणि जिंकायचं. भाऊही हसायचा. कोल्ड्रिंक त्याच्याच फ्रिजमधलं खपत होतं.

मग त्याच्या लक्षात आलं की एकदा हरलेला नवा माणूस परत येत नाहीये. ज्यांना खरंच खेळता येतं, ते तर पहिल्याच दिवशी दोन फ्रेम खेळून, क्यू भिंतीला लावून, काही न बोलता निघून गेले होते. लोनचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता यायचा.

टेबल खराब नव्हतं. नीट बसवलेलं नव्हतं. या दोन वाक्यांमधला फरक आपल्याला कळत नाही, आणि त्या न कळण्यावर एक अख्खा धंदा उभा आहे. त्या धंद्याबद्दल हा लेख आहे.

पूल टेबल हे फ्रिजसारखं खोक्यातून काढून प्लग लावायचं यंत्र नाही. ते सुट्या भागांत येतं आणि जागेवर तयार होतं. खाली लाकडी सांगाडा. त्यावर स्लेटच्या तीन लाद्या, साधारण इंचभर जाडीच्या. आठ फुटी टेबलाच्या तिन्ही मिळून दोनशे किलोच्या आसपास भरतात. आपल्याकडे बऱ्याच टेबलांत स्लेटऐवजी संगमरवर असतो, तोही तितकाच जड. या तीन लाद्या एकच लादी असल्यासारख्या जुळवायच्या, सांधे भरायचे, वर कापड ताणायचं, मग कडेची कुशन्स बोल्टने आवळायची. म्हणजे दुकानदार तुम्हाला टेबल विकतच नाही. तो सामान विकतो. टेबल बनतं ते तुमच्या गाळ्यात, आणि ते बनवतो फिटर.

आता या फिटरला काय मिळतं? बिलावर त्याच्या कामासमोर लिहिलेलं असतं, ‘फ्री’.

भावाकडे आलेली दोन पोरं रात्री नऊला टेम्पोतून उतरली. पहाटे धुळ्याला दुसरं टेबल लावायचं होतं, टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. त्यांच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती सुतारी पाणसळ होती, दोन फुटी. दीड वाजता दोन्ही टेबलं ‘रेडी’. मी तिथे होतो. पोरांना चहा पाजला, वडापाव आणून दिले, मोबाइल काढून लेव्हलचं ॲप टेबलावर ठेवलं आणि शून्य अंश बघून मोठ्या खुशीत भावाच्या पाठीवर थाप मारली.

त्या थापेची मला आता लाज वाटते. हिशेब साधा आहे. मोबाइलचं ॲप 0.1 अंशापर्यंत दाखवतं असं धरलं, तर 0.1 अंश म्हणजे मीटरमागे जवळपास पावणेदोन मिलिमीटर. सुतारी पाणसळ मीटरमागे अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे चालवून घेते. खिडकीच्या चौकटीला तेवढं पुष्कळ झालं. जागतिक पूल संघटनेचे नियम मात्र सांगतात की टेबलाचा पृष्ठभाग लांबीत अर्ध्या मिलिमीटरच्या आणि रुंदीत पाव मिलिमीटरच्या आत सपाट हवा.

एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. टेबल रुंदीत फक्त एक मिलिमीटर कललेलं आहे असं समजा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जेमतेम पोहोचेल इतक्या हळू तुम्ही बॉल मारलात, तर माझ्या आकडेमोडीप्रमाणे तो पोहोचेपर्यंत सहा-सात सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा असतो. म्हणजे बॉल स्वतःच्या अख्ख्या रुंदीपेक्षा जास्त सरकतो. पॉकेट चुकवायला यापेक्षा कमी पुरतं. पोरं म्हणत होती ते ‘डावीकडे खातं’ एवढ्याशा उतारातून तयार होतं, आणि तो उतार डोळ्यांना जन्मात दिसत नाही.

मग फोनाफोनी सुरू झाली. विकणाऱ्याने चार उत्तरं दिली. ती जशीच्या तशी देतो, कारण नाशिकच काय, कुठल्याही गावात तुम्हाला हीच मिळतील.

‘तुमचा मजला वाकडा आहे.’ अहो, जगातला प्रत्येक मजला वाकडा असतो. म्हणून तर लेव्हल करणं नावाचं काम अस्तित्वात आलं. मजला काचेसारखा असता, तर फिटर कशाला हवा होता?

‘कापड नवीन आहे, खेळून खेळून बसेल.’ कापड सैल ताणलं असेल तर खेळून अजून सैल होतं. आजवर कुठलंही कापड खेळून ताठ झालेलं नाही.

‘तुम्ही टेबल हलवलं का?’ दोनशे किलो दगड. हो, रोज संध्याकाळी फिरायला नेतो गंगापूर रोडला.

चौथं उत्तर सगळ्यात बेरकी, कारण ते अर्धं खरं आहे. ‘लाकूड सेट होतंय, थांबा थोडे दिवस.’ लाकडी सांगाडा वजनाखाली काही आठवडे दबत राहतो, ही गोष्ट खरी. त्यात नाशिकचा पावसाळा आला की लाकूड ओल धरून फुगतं आणि उन्हाळ्यात परत आक्रसतं. पण याचा सरळ अर्थ असा, की फिटरने महिना-दीड महिन्याने दुसरी फेरी मारून लेव्हल पुन्हा तपासली पाहिजे. दुसरी फेरी जिथे गरजेची आहे, तिथे तेच कारण देऊन दुसरी फेरी टाळायची, याला कौशल्य म्हणतात.

यानंतर माणूस करतो ते भावाने केलं. पायाखाली पुठ्ठा घातला. एक पाय वर झाला, बॉल डावीकडे जायचा थांबला आणि टेबलाच्या मधोमध उड्या मारायला लागला. मग दुसऱ्या पायाखाली पुठ्ठा. पंधरा दिवसांत चारही पायांखाली पुठ्ठे आणि टेबल पहिल्यापेक्षा वाईट. पुठ्ठा दबतो, ओल खातो, आज लावलेली उंची उद्या राहत नाही. दुसरं म्हणजे दोष पायात आहे की वर लाद्यांमध्ये, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहिलं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर मशिनं बसवलेला माणूस. क्यू हातात धरायला त्यांनी साफ नकार दिला. जुन्या लग्नपत्रिकेची घडी घालून एक घसरगुंडी केली आणि तिच्यावरून बॉल सोडत राहिले, म्हणजे कुणाच्या हाताची फिरकी त्यात येणार नाही. आधी या टोकाने, मग त्याच रेषेवर त्या टोकाने. ‘दोन्हीकडून सोडला तरी खोलीच्या एकाच भिंतीकडे पळतोय, तर उतार आहे. एकाच ठिकाणी आल्यावर बिचकतोय, तर सांधा वर-खाली आहे. जाताना वळतोय आणि येताना नाही, तर कापडाची लव बघायची.’ पाच मिनिटांत निदान. दोन नंबरला पहिले दोन्ही आजार होते.

मग टेबल सोडवलं. कुशन्स काढली, कापडाच्या पिना एकेक करून उपटल्या. आत जे निघालं ते बघून भाऊ खाली बसला. लाद्यांच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलेलं होतं, ते केव्हाच भुगा होऊन कापडाखाली पसरलं होतं. मधल्या लादीखाली आमच्याच पॅकिंगच्या खोक्याचे तुकडे कोंबलेले. कुशनच्या अठरा बोल्टांपैकी पाच नुसत्या बोटांनी फिरत होते. त्या बाजूला बॉल आपटला की ‘धप्प’ आवाज येऊन तो मेल्यासारखा परत यायचा, त्याचं कारण हे. आणि एका पायाखालची फरशी ठोकली तर पोकळ वाजली, बद्द. ती टेबलाच्या वजनाने रोज जराशी खाली जात होती.

काकांनी त्यांच्या लाकडी पेटीतून फिटरची लेव्हल काढली. तिच्या बुडबुड्याचा एक घर सरकणं म्हणजे मीटरमागे 0.02 मिलिमीटर. आमच्या सुतारी पाणसळीच्या कमीत कमी पंचवीसपट बारीक. आधी पोकळ फरशी काढून खाली भरीव केलं, पायांखाली लोखंडी पट्ट्या दिल्या आणि सांगाडा लेव्हलला आणला. मग मधली लादी. मग तिला जुळवून शेजारच्या दोन, लादी आणि सांगाडा यांच्यामध्ये सागवानी पाचर हळूहळू ठोकत. सांध्यावरून ते ब्लेडची धार फिरवत. अडकली की पुन्हा. बोटाला लागत नाही ते ब्लेडला लागतं म्हणाले. सांध्यात गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची पुट्टी भरून, वाळल्यावर घासली. दोन नंबरसाठी अख्ख्या दोन रात्री गेल्या. त्या दोन पोरांनी साडेचार तासांत दोन टेबलं उभी केली होती.

इथे मला नाशिककर म्हणून राग येतो. हे शहर बारीक मापांवर जगतं. ओझरला 1964 मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात लढाऊ विमानं बनतात. सातपूरला डिझेल इंजिनांचे इंजेक्टर तयार होतात, तिथे चूक मायक्रॉनमध्ये मोजतात. सातपूर, अंबडच्या शेडशेडमध्ये लेथवर उभी असलेली माणसं केसाच्या जाडीवरून भांडतात. आयटीआयमधून दरवर्षी फिटर ट्रेडची पोरं दोन वर्षं फाइल घासून बाहेर पडतात. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग ज्याच्या हाताला कळतो असा माणूस या गावात गल्लोगल्ली आहे. तरी आमचं टेबल हार्डवेअरच्या पाणसळीने लागतं. कारण कारखान्याच्या गेटच्या आत तो ‘कुशल कामगार’ असतो आणि गेटच्या बाहेर ‘बसवणारा पोऱ्या’. मशीन बसवलं तर त्याला इरेक्शन म्हणतात आणि त्याचं वेगळं बिल होतं. टेबल, एसी, पाण्याचा फिल्टर, मॉड्युलर किचन बसवलं तर ते फ्री.

कापड ताणायला आम्ही नाशिक रोडहून एका आजोबांना आणलं. ते एकेकाळी क्लबात मार्कर होते. आजच्या पार्लरवाल्या पिढीला मार्कर माहीत नाही, म्हणून सांगतो. जिमखान्यांमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलाशी एक माणूस कायम असायचा. तो गुण मोजायचा, साहेबांच्या हातात क्यू द्यायचा, आणि रोज टेबलावर लवेच्या दिशेने ब्रश आणि इस्त्री फिरवायचा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले, 1964 मध्ये पुन्हा जिंकले. स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि घेतलंच पाहिजे. त्यांनी ज्या टेबलांवर हात तयार केला, ती रोज झाडणाऱ्या, दाबणाऱ्या माणसांचं नाव कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. क्लबांनी मार्करला कमी पैसे दिले, कमी मान दिला, पण त्याची गरज आहे एवढं तरी त्यांना कळत होतं. पूल गल्लीत आला, तासावर मिळायला लागला, ही फार चांगली गोष्ट झाली. खेळ जिमखान्याच्या भिंतीबाहेर आला. येताना टेबल घेऊन आला आणि मार्करला मागे ठेवून आला.

आजोबांनी कापड मधून बाहेर, मग डोक्याकडून पायाकडे ताणत नेलं. हाताने थोपटलं तर हलक्या ढोलकीसारखा आवाज येईपर्यंत. कुशनची धार त्यांनी मोजली नाही, नुसता बॉल शेजारी ठेवून डोळा बारीक केला. मी मागून मोजपट्टी लावली. बॉलच्या उंचीच्या 63.5 टक्क्यांवर, म्हणजे 36 मिलिमीटरच्या किंचित वर धार हवी असते. बरोबर तिथेच होती.

त्यांनी पंधराशे रुपये मागितले. भावाने बाराशे दिले.

काकांनी काहीच मागितलं नाही. ‘त्यात काय घ्यायचं? शेजारी आहात.’ भावाने पेढे दिले. सगळ्यांना छान वाटलं. मला नाही वाटलं. ज्या कामाची किंमत शून्य धरल्यामुळे आमची वाट लागली होती, ते काम दुरुस्त करणाऱ्यालाही आम्ही शून्यच दिले, फक्त या वेळी पेढ्यांसकट. आणि काकांचंही चुकलंच. आयुष्यभराचं कसब माणूस जेव्हा ‘त्यात काय’ म्हणून फुकट देतो, तेव्हा दुकानदाराच्या ‘फ्री’वर तो नकळत शिक्का मारतो. हे मी त्यांना बोललो. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता सगळ्यात अवघड कबुली. टेबल घेताना भावाकडे दोन कोटेशन होती. दुसऱ्या विक्रेत्याने फिटिंगचे बारा हजार वेगळे लावले होते आणि ‘महिन्याने पुन्हा येऊन तपासू’ असं खाली हाताने लिहिलं होतं. आम्ही त्याला हसलो. बसवायचे बारा हजार? लुटायला बसलेत. मीच म्हणालो होतो. ‘फ्री’वाल्याने आम्हाला फसवलं हे खरं, पण आम्ही फसायला रांगेत उभे होतो. त्या दोन पोरांना मी दोष देणार नाही. ज्याला टेबलामागे ठरावीक तुटपुंजी रक्कम मिळते आणि बाहेर टेम्पो हॉर्न मारतोय, त्याने ब्लेड घेऊन सांधे तपासत बसावं, ही अपेक्षा करणारा माणूस एक तर संत असतो किंवा गिऱ्हाईक.

या ‘फ्री’त कायद्याचीही एक खोच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून फुकट दिलेली सेवा वगळलेली आहे. कुणीही वकील सांगेल की टेबलाच्या किमतीत फिटिंग धरलेलं असतं, त्यामुळे ते खरं फुकट नसतंच, आणि ते बरोबर आहे. पण भांडण मग तिथून सुरू करावं लागतं. वर पार्लर म्हणजे व्यापारी वापर, मग तुम्ही ग्राहक आहात का हा दुसरा वाद. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला कायद्याने सवलत दिली आहे, पण तेही तुम्हीच पटवून द्यायचं. बिलावर फिटिंगचा वेगळा आकडा असता, तर यातलं पहिलं भांडण उद्भवलंच नसतं.

म्हणून टेबल घेणाऱ्याला माझं सांगणं आहे की ‘फिटिंग फ्री’ दिसलं की तिथून उठा. फिटिंगचा आकडा वेगळा लिहून मागा, फिटरचं नाव लिहून मागा, लेव्हल कुठली वापरणार ते विचारा आणि तिचं रीडिंग बिलाच्या मागे लिहून घ्या. काही रक्कम दुसऱ्या फेरीपर्यंत हातात ठेवा. आणि ज्याने नीट काम केलं, त्याच्याशी घासाघीस करू नका. आठ फुटी टेबलाला क्यू मोकळा फिरायला साडेतेरा बाय सतरा फुटांची जागा लागते, हे मोजून घेता ना? तेवढ्याच गंभीरपणे बसवणाऱ्याचा वेळही मोजा.

‘पूल टेबलासाठी एवढं? रिकामटेकड्या पोरांचा खेळ तो,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी काउंटरवरच्या त्या पोराबद्दल सांगतो.

पार्लर रात्री बंद झालं की तो दोन नंबरवर खेळायचा. एक नंबरवर गिऱ्हाईक रेंगाळायचं, म्हणून दोन नंबर त्याच्या वाट्याला. शिकवायला कुणी नाही. यूट्यूबवर बघायचं आणि मारायचं. तीन महिन्यांत त्याचा हात इतका बसला, की दोन नंबरवर त्याला कुणी हरवू शकत नव्हतं. टेबल दुरुस्त झालं त्या रात्री पहिला क्यू आम्ही त्याच्याच हातात दिला. त्याने मारला. चुकला, पॉकेटच्या उजवीकडे. पुन्हा मारला, पुन्हा उजवीकडे, तेवढाच. दहा-बारा शॉट झाल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘दादा, आता हे उजवीकडे का खातंय?’

काकांनी लेव्हल पुन्हा ठेवून दाखवली. बुडबुडा मधोमध होता. टेबल सरळ झालं होतं, वाकडेपणा त्याच्या खांद्यात जाऊन बसला होता. तीन महिने तो प्रत्येक शॉट उतार धरून, बॉलभर उजवीकडे मारायला शिकला होता आणि त्यालाच अचूक समजत होता. तेव्हापासून तो रात्री शटर अर्धं ओढून एकच बॉल घेतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ मारत बसतो. परवा मी गेलो तेव्हा पन्नासपैकी एकोणीस सरळ गेले. आकडे तो बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.